फुकटची मच्छरदाणी, मासे आणि गच्चीची चावी

प्रश्न : माझा भाचा नोकरीसाठी टांझानियात दार-ए-सलामला निघालाय, त्यामुळे घरात सध्या मलेरिया सोडून दुसरा विषय नाही. त्यात सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओ आला, आफ्रिकेत फुकट वाटलेल्या मच्छरदाण्यांनी लोक मासे पकडतायत. आमचे मिस्टर म्हणतात, फुकटच्या वस्तूची किंमत नसते, ह्या लोकांना कितीही शिकवा, फरक पडणार नाही. खरंच असं आहे का? आणि भाचा म्हणतो, मला मुंबईत एकदा मलेरिया होऊन गेलाय, आता काय होणार!
– एक वाचक, लालबाग

उत्तर : ताई, मिस्टरांना सांगा, हा वाद तिकडे कधीच होऊन गेलाय आणि निकाल त्यांच्या विरोधात लागलाय. जेसिका कोहेन आणि पास्कलिन द्युपा ह्या दोघी अर्थशास्त्रज्ञांनी केनियात गरोदर बायकांच्या दवाखान्यांमध्ये प्रयोग केला, कुठे मच्छरदाणी फुकट, कुठे थोडे पैसे घेऊन. 2010 साली तो छापून आला. फुकटवाल्या बायकांनी दाणी कमी वापरली असं काही दिसलं नाही, उलट थोडीशी किंमत लावल्याबरोबर दाणी घेणाऱ्याच धडाधड कमी झाल्या.

मासेमारी होते, ते खोटं नाही. तलावाकाठी, समुद्राकाठी होते, बरेचदा जुन्या फाटक्या दाण्यांनी, आणि पोट भरायला दुसरं काही नसलं की माणूस काय करणार. पण 2000 ते 2015 मध्ये आफ्रिकेत मलेरियाच्या जेवढ्या केसेस टळल्या, त्यातल्या अंदाजे 68 टक्के औषध लावलेल्या दाण्यांमुळे टळल्या असा अभ्यास आहे. ते काही व्हायरल होत नाही.

आता शिकवण्याचं. डास चावल्याने मलेरिया होतो हे तिकडे बऱ्याच जणांना पाठ असतं, अडतं ते पुढे. एका खोलीचं घर, दिवसा जिथे चूल आणि भांडी तिथेच रात्री चटया, मग दाणी टांगायची कुठे आणि रोज काढायची कोणी? चाळीतल्या दहा बाय दहात वाढलेल्याला हे सांगायला नको. वर उकाडा, आणि जेवणं, गप्पा सगळं रात्री उशिरापर्यंत बाहेर. नवीन दाणीतल्या औषधाने अंग चुरचुरतं म्हणून कोणी ती गुंडाळून ठेवतं, खरं तर वापरायच्या आधी एक दिवस सावलीत वाळत घातली की काम होतं. म्हणून चांगले कार्यकर्ते भाषण देत बसत नाहीत, घरी जाऊन खिळा ठोकतात, दोरी बांधतात आणि कोण कुठे झोपतं ते बघतात. इथिओपियाने तर 2003 पासून गावागावात दोन-दोन बायका आरोग्याच्या अशा कामांना पगारावर ठेवल्या (आपल्या आशाताईंनी हे वाचलं तर पगार ह्या शब्दावरच थांबतील). सेनेगलमधला प्रचार मला आवडतो, सगळं कुटुंब, सगळ्या रात्री, सगळं वर्ष. पाऊस संपला की दाणी ट्रंकेत जाते ना, त्यावर बोट ठेवलंय.

समजुतीही असतात. तुमचा भाचा चाललाय त्याच टांझानियात लहान मुलाला तापात झटके आले की त्याला देगेदेगे म्हणतात आणि ते भूतबाधेने होतं असं खूप जण मानायचे. म्हणजे साधा ताप असला तर दवाखाना आणि झटके आले, म्हणजे खरा धोका सुरू झाला, की वैदू! तिथे आईला अडाणी म्हणून काय मिळणार? काही ठिकाणी वैदूंनाच हाताशी धरलं, की बाबा तुमचं काय ते करा पण मूल आधी दवाखान्यात पाठवा.

आणि मिस्टरांसाठी अजून एक. आपल्या मुंबईत मलेरिया पसरवणारा अ‍ॅनोफिलीस स्टीफेन्सी डास, जो पाण्याच्या टाक्यांत, पिंपांत, बांधकामावर साचलेल्या पाण्यात वाढतो, तो 2012 मध्ये आफ्रिकेतल्या जिबुती देशात सापडला आणि नंतर इथिओपियात, सुदानमध्ये पसरला. 2022 मध्ये इथिओपियाच्या दिरे दावा शहरात मलेरियाची साथ आली, त्यात ह्याचाच हात निघाला. आता तिथल्या शहरातल्या लोकांना टाकीला झाकण, पिंपाला फडकं असं सगळं नव्याने शिकवावं लागतंय. आपण किती शिकलोय? महापालिकेचा माणूस टाकी बघायला आला की निम्म्या सोसायट्यांमध्ये गच्चीची चावी सापडत नाही, आणि सापडली तर झाकणाच्या जागी पत्रा आणि त्यावर वीट.

भाच्याचं मात्र मनावर घ्या. एकदा मलेरिया झाला म्हणून पुढे कवच मिळत नाही. आपल्याकडे व्हायवॅक्स जातीचा मलेरिया बऱ्यापैकी असतो, तिकडे मुख्यतः फाल्सिपेरम जातीचा, तो दोन-तीन दिवसांत जिवावर बेतू शकतो. निघायच्या आधीच डॉक्टरांकडून प्रतिबंधक गोळ्यांचं विचारून घ्या, त्या जायच्या आधी सुरू करून परत आल्यावरही काही काळ घ्याव्या लागतात, मधे सोडायच्या नाहीत. तिथे ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासायचं. आणि सुट्टीवर मुंबईत आल्यावर, अगदी दोन-तीन महिन्यांनी ताप आला तरी डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच, मी आफ्रिकेतून आलोय.