खोलीवर, कमी खर्चात शाकाहारी बर्गर करता येईल का? टिक्की तव्यावर फुटते, त्यावर उपाय काय?

कोल्हापूरच्या राजारामपुरीत चार विद्यार्थी मिळून राहता, खोलीवर एक शेगडी, तवा आणि लहानसा फ्रिज आहे, बाहेरचा बर्गर वरचेवर परवडत नाही आणि घरी करायला गेले तर टिक्की तव्यावर फुटते, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते फुटणारी टिक्की आणि वाढणारा खर्च या दोन्हींचे कारण एकच आहे, ते म्हणजे निव्वळ बटाट्याची टिक्की. बटाट्यात पाणी बरेच असल्यामुळे ती तव्यावर सैल पडते, आणि बटाटा एकटा सपक लागत असल्यामुळे चवीसाठी आपण चीज, मेयोनीज आणि तयार सॉसच्या बाटल्या आणत राहतो. १९९६ साली मॅकडोनाल्ड्स भारतात आले आणि पुढे त्यांची आलू टिक्की सर्वांच्या ओळखीची झाली, त्यामुळे शाकाहारी बर्गर म्हणजे बटाटा असे आपण धरूनच चालतो. परंतु ती टिक्की गोठवलेली असते आणि भरपूर तेलात बुडवून तळली जाते, म्हणून ती टिकते. खोलीवरच्या तव्याला ते गणित लागू पडत नाही.

कोल्हापुरात राहून यावर सर्वांत सोपा उपाय मटकी हाच आहे. मिसळीच्या या गावात मोड आलेली मटकी भाजीवाल्यांकडे तयार मिळते, पण लक्ष्मीपुरीतून कोरडी मटकी आणून घरी मोड आणले तर ती बरीच स्वस्त पडते, कारण १०० ग्रॅम कोरडी मटकी भिजून मोड येईपर्यंत वजनाने दुपटीच्या आसपास जाते. कोरड्या मटकीत १०० ग्रॅमला साधारण २३ ग्रॅम प्रथिने असतात आणि बटाट्यात जेमतेम दोन, त्यामुळे मटकीच्या टिक्कीचा एक बर्गर खाऊन पोट भरते. बटाट्याच्या बाबतीत दुसरा खावासा वाटतो, आणि खर्च वाढतो तो तिथेच.

आठ टिक्क्यांसाठी १०० ग्रॅम कोरड्या मटकीला मोड आणून घ्यावेत, ३५० ग्रॅम बटाटे, ५० ग्रॅम जाडे पोहे, दोन मोठे चमचे बेसन, आले, लसूण, कोथिंबीर आणि घरून आणलेली कांदा-लसूण चटणी घ्यावी. या चटणीत मीठ असतेच, त्यामुळे चव पाहूनच वरून मीठ घालावे. मटकी कुकरमध्ये लावू नये, तिचा गाळ होतो आणि तेच पाणी पुढे टिक्की फोडते. झाकण ठेवून पाण्याच्या हबक्यावर सहा-सात मिनिटे वाफवावी आणि दाणा बोटाने चेपला जाईल पण आकार सोडणार नाही, इतपतच शिजवावी. निम्मी मटकी वाटीच्या बुडाने भरड चेचून घ्यावी व निम्मी अख्खी ठेवावी, म्हणजे खाताना दाताखाली काहीतरी लागते.

बटाट्याच्या बाबतीत मात्र घाई अजिबात चालत नाही. ते सालीसकट अख्खेच उकडावेत, कारण फोडी करून उकडले तर आत पाणी शिरते, आणि पूर्ण गार झाल्यावरच सोलून किसावेत. गार झालेल्या बटाट्यातील स्टार्च घट्ट बसते व मिश्रण हाताला चिकटत नाही. गरम बटाटा कुस्करला की तो चिकट होतो आणि मग त्यात कितीही पीठ घातले तरी टिक्की आतून पिठाळ लागते. शक्य असेल तर सकाळी उकडून संध्याकाळी वापरावेत. बाजारात नवा बटाटा आलेला असेल तेव्हा जुना मागून घ्यावा, नवा अधिक पाणीदार असतो.

पोहे भिजवायचे नाहीत. ते कोरडे भाजून मिक्सरमधून किंवा खलबत्त्यात भरड करावेत, आणि बेसनही खमंग भाजून घ्यावे. मिश्रणातील जादा पाणी हे दोघे शोषून घेतात. कच्चा कांदा चिरून घालण्याचा मोह टाळावा, मीठ लागताच त्याला पाणी सुटते. कांदा हवाच असेल तर परतून घालावा. सर्व एकत्र मळून आधी एक छोटा गोळा तव्यावर परतून पाहावा, तो फुटला तर पोह्यांची थोडी भरड आणखी मिसळावी. मग सुमारे ८० ग्रॅमच्या, दीड सेंटीमीटर जाडीच्या आणि पावापेक्षा किंचित मोठ्या टिक्क्या थापून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवाव्यात.

कुरकुरीतपणासाठी ब्रेडक्रम्सचे पाकीट विकत घेऊ नये. मिसळीबरोबर आणलेल्या स्लाइस ब्रेडच्या कडा आणि शिळे तुकडे तव्यावर मंद आचेवर वाळवून चुरले की काम होते, नाहीतर रवा आहेच. टिक्की मैद्याच्या पातळ पाण्यात बुडवून चुऱ्यात घोळवावी व मध्यम आचेवर दोन मोठे चमचे तेलात, प्रत्येक बाजूला तीन-चार मिनिटे भाजावी. खालची बाजू आपणहून तवा सोडेपर्यंत उलथणे लावायचे नाही. बहुतेक टिक्क्या याच घाईने मोडतात.

सॉसच्या बाबतीत येथील म्हशीच्या दुधाच्या दह्याचा फायदा घ्यावा. पाव किलो दही फडक्यात दोन-तीन तास टांगून त्याचा चक्का करावा, त्यात वाटलेला लसूण, चिमूटभर साखर, चमचाभर तेल आणि अर्धा चमचा कांदा-लसूण चटणी फेटावी. आठ बर्गरना पुरेल. निथळलेले पाणी कणीक मळायला वापरावे. चीजविषयी माझे मत थोडे कडक आहे. साधारणपणे एका स्लाइसच्या किमतीत दीड-दोन टिक्क्या होतात, आणि मटकी व चटणीच्या चवीपुढे त्या स्लाइसची चव जाणवतही नाही. लेट्यूसऐवजी बारीक चिरलेला कोबी घ्यावा. कपिलतीर्थ मंडईत संध्याकाळी उशिरा गेल्यास भाजीवाले भाव कमी करतातही.

काटकसर पावावर मात्र करू नये. लादीपाव स्वस्त असला तरी या टिक्कीपुढे तो लहान पडतो आणि लवकर मऊ होतो, म्हणून जवळच्या बेकरीतून त्याच दिवशी भाजलेले गोल बन घ्यावेत, फक्त गोड बन नाहीत ना, हे विचारून. आडवा कापून आतली बाजू थोड्या लोण्यावर तांबूस भाजली की चक्क्याचे पाणी बनमध्ये मुरत नाही.

उरलेल्या कच्च्या टिक्क्या फ्रिजमध्ये झाकून दोन दिवस चांगल्या राहतात. कॉलेजला डब्यात न्यायचे असेल तर भाजलेली टिक्की पूर्ण गार करून कोबीबरोबर बनमध्ये ठेवावी आणि चक्का लहान डबीत वेगळा न्यावा.