आजीच्या शोकेसमधली कोकरूवाली मुलगी

प्रश्न : आजीच्या शोकेसमधे चिनीमातीची वीतभर मुलगी आहे, मांडीवर कोकरू. आजोबांनी मिरजेला कुठल्याशा लिलावात घेतली म्हणे. खरंच जुनी इंग्लंडची आहे का, कसं ओळखायचं?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : आधी उलटी करून बूड बघा, चेहरा नंतर. नुसतं ‘इंग्लंड’ छापलेलं असेल तर साधारण 1891 नंतरची धरा, कारण अमेरिकेने 1890 च्या मॅकिन्ली टॅरिफ कायद्याने मालावर देशाचं नाव टाकायला लावलं. ‘मेड इन इंग्लंड’ असेल तर बहुतेक विसाव्या शतकातली. रॉयल वूस्टर या इंग्लिश कारखान्याचा शिक्का निघाला तर भिंग घ्या, 1892 पासून ते शिक्क्याजवळ दरवर्षी एकेक ठिपका वाढवत गेले, त्यामुळे ठिपके मोजले की वर्षाचा अंदाज लागतो.

शिक्काच नाही? मग लगेच नाराज होऊ नका, इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशर भागातल्या जुन्या मूर्तींवर बहुतेकदा नसतोच. त्यांची पाठ बरेचदा सपाट, रंगकाम नुसतं समोरून, कारण त्या शेकोटीवरच्या फळीवर भिंतीला टेकवून ठेवायच्या. बुडाला बारीकसं भोक असेल तर ठीक, ते भट्टीत आतली हवा बाहेर पडायला असतं, पण चांगलं रुपयाएवढं भोक दिसलं तर ओतीव साच्यातली नंतरची नक्कल असायची शक्यता जास्त. आणि या सपाट पाठीच्या मूर्ती बहुतेक साध्या भाजलेल्या मातीच्या, पोर्सेलिन (अस्सल बारीक चिनीमाती) नव्हे! अंधारात मोबाईलचा टॉर्च लावा, पातळ जागेतून उजेड झिरपला तर पोर्सेलिन किंवा बोन चायना.

जहाजाच्या नांगराची सोनेरी खूण दिसली म्हणून लंडनच्या जुन्या चेल्सी कारखान्याची समजून हुरळून जाऊ नका, पॅरिसच्या सॅमसन कारखानावाल्यांनी त्या खुणेच्या पण भरपूर नकला काढल्यात. आणि कृपा करून पितांबरीने घासू नका, सोनेरी काम पहिलं जातं.