मांजर पाणी पीत नाही, कोरडं खाणंच खातं. दूध दिलं तर चालेल का?

नाही. मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दुधातली साखर पचत नाही. मग जुलाब लागतात आणि अंगातलं होतं तेवढं पाणीही जातं. 'मांजर डोळे मिटून दूध पितं' ही म्हण आहे, आहाराचा तक्ता नव्हे, हे आमच्या काकांना सांगून मी थकले.

मूळ घोळ खाण्यात आहे. हा वाळवंटी रानमांजराचा वंश, पाणी बरंचसं शिकारीतून मिळवणारा. ४ किलोच्या मांजराला खाण्यातलं धरून दिवसाला साधारण २०० मिली पाणी लागतं. ६० ग्रॅम कोरड्या दाण्यांतून जेमतेम ६ मिली मिळतं, ओल्या खाण्याच्या ८५ ग्रॅमच्या दोन पाऊचमधून १३०च्या आसपास. तेव्हा आधी खाणं ओलं करा, भांड्यांचं नंतर बघू.

पाऊच परवडत नसतील तर दाण्यांवर कोमट पाणी घाला, पण पहिल्या दिवशी एकच चमचा. आठ-दहा दिवसांत वाढवत न्या. एकदम लगदा केलात तर वास घेऊन पाठ फिरवेल. उन्हाळ्यात तासाभरात संपलं नाही तर टाकून द्या. दुसरा उपाय चिकनच्या पाण्याचा: १०० ग्रॅम चिकन दोन पेले पाण्यात नुसतं उकडायचं. मीठ नको, आणि कांदा-लसूण तर मुळीच नको, त्यानं मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. गार झाल्यावर वरची चरबी काढा, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, रोज एक ठोकळा कोमट करून द्या.

भांडं पसरट, स्टीलचं किंवा चिनीमातीचं. प्लॅस्टिकच्या ओरखड्यांत बुळबुळीत थर धरतो. खाण्यापासून आणि लिटरपासून, म्हणजे शी-शूच्या ट्रेपासून, लांब ठेवा. मांजरासाठीचं पाण्याचं कारंजं घेतलंत तर पंप दर आठवड्याला उघडून धुवा, आत केस अडकतात.

काकांचा बोका लिटरमध्ये पुन्हा पुन्हा बसायचा, शेपटी ताणून, विव्हळत. दोन थेंब, मग खाली चाटत राहायचा. घरच्यांना वाटलं बद्धकोष्ठ, म्हणून वर आणखी दूध. लघवी तुंबली होती. नळी घालावी लागली. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. अशा वेळी सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच डॉक्टर गाठायचा. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

आता हेही खरं, की लघवी तुंबण्याला कमी पाणी पिणं हे एकच कारण नसतं, ताण आणि लठ्ठपणाही असतो. सिरिंजनं जबरदस्तीनं पाणी पाजू नका, फुप्फुसात जाईल. आणि मांजर अचानक खूपच पाणी प्यायला लागलं तर खूश होऊ नका. मूत्रपिंड आणि साखर तपासून घ्या. किती पितंय ते बघायला सकाळी ३०० मिली मोजून ओता, दुसऱ्या दिवशी उरलेलं मोजा. तेवढंच पाणी घातलेलं त्याच आकाराचं दुसरं भांडं मांजर पोचणार नाही अशा जागी ठेवा, म्हणजे वाफ होऊन किती उडालं ते वजा करता येईल.