टीव्हीच्या मॉडेल नंबरातलं ते एक अक्षर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दुकानदार सॅमसंगचा ‘क्यूए ५५ क्यू६० डी एयूएलएक्सएल’ देतोय, ऑनलाइन ‘क्यूए ५५ क्यू६० सी एकेएलएक्सएल’ नऊ हजारांनी स्वस्त आहे, दोन्हींवर ‘५५ इंच क्यूएलईडी फोर-के’ असंच लिहिलंय, मग फसवतंय कोण? कोणीच नाही. हे दोन वेगळे सेट आहेत आणि फरक त्या ‘डी’ आणि ‘सी’मध्ये आहे. पूर्ण नंबर दिलात म्हणून उत्तर देता येतंय. नुसतं ‘५५ इंच सॅमसंग घेऊ का’ असं विचारणाऱ्यांना काय सांगणार?

नंबर तोडून वाचा. ‘क्यू’ म्हणजे क्यूएलईडी, रंग खुलवणारा क्वांटम डॉट्सचा थर असलेला एलईडी. साध्या एलईडीला तिथे ‘यू’ असतो. पुढचा ‘ए’ आपल्याकडच्या बाजाराचा. अमेरिकेत त्या जागी ‘एन’ आणि युरोपात ‘ई’ येतो. ५५ म्हणजे कर्णाची लांबी इंचात. क्यू६० ही मालिका, आणि त्यानंतरचं अक्षर म्हणजे मॉडेलचं वर्ष. शेवटचं ‘एक्सएल’ भारताचं.

सॅमसंगची वर्षाची अक्षरं अशी चालतात: २०१८ ला एन, २०१९ ला आर, २०२० ला टी, मग २०२१ पासून ए, बी, सी, डी. २०२५ ला ई गाळून एफ. म्हणजे तुमचा दुकानातला सेट २०२४ चा आणि ऑनलाइनचा २०२३ चा. गंमत म्हणजे डी २०११ मध्ये आणि एफ २०१३ मध्येही येऊन गेलाय, त्यामुळे जुना सेट घेताना कोणी ‘एफ सिरीज आहे, एकदम नवीन’ म्हणालं तर आधी मागची पोर्टं, म्हणजे तारा जोडायची भोकं, जुन्या धाटणीची आहेत का ते बघा. अक्षराची जागाही पक्की नसते. साध्या एलईडीच्या ‘क्रिस्टल’ मालिकेत ते इंचांच्या लगेच पुढे येतं (यूए ४३ डीयूई७७ मधला डी), तुमच्या क्यूएलईडीत मालिकेच्या मागे.

दुसऱ्या कंपनीकडे वळलात की हा तक्ता विसरायचा. एकच ‘के’ घ्या. सॅमसंगमध्ये तो २०१६ चा. एलजीच्या साध्या फोर-के सेटांत ‘यूके’ म्हणजे २०१८. सोनीत शेवटी के असेल तर २०२२. हायसेन्सच्या ‘यू७के’मधला के २०२३ चा. चार कंपन्या, चार वर्षं. माझ्या मेहुण्याने सॅमसंगचा तक्ता पाठ करून सोनीच्या दुकानात वाद घातला होता, तो प्रसंग नंतर कधीतरी.

एलजीत इंचांनंतरची दोन अक्षरं बघा: यूएन २०२०, यूपी २०२१, यूक्यू २०२२, यूआर २०२३, यूटी २०२४. त्यांच्या ओएलईडीत (प्रत्येक ठिपका स्वतः उजळणाऱ्या पडद्याच्या महागड्या सेटांत) सगळं सोपं आहे, सी२ म्हणजे २०२२, सी३ म्हणजे २०२३, सी४ म्हणजे २०२४. सोनीत २०२० ते २०२३ हा क्रम एच, जे, के, एल असा होता. २०२४ पासून त्यांनी नावंच बदलली, ब्राव्हिया ३, ब्राव्हिया ७ वगैरे, आणि ‘के-५५एस३०’सारख्या नंबरात सुरुवातीचा के दिसला तरी त्याचा वर्षाशी संबंध नाही. टीसीएलमध्ये मधला आकडा धरा: सी७३५, सी७४५, सी७५५ म्हणजे अनुक्रमे २०२२, २३, २४.

आता एक गोष्ट बहुतेक लोक गुंडाळून टाकतात. मॉडेलचं वर्ष आणि सेट बनल्याची तारीख या वेगळ्या गोष्टी आहेत. खोक्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापावं लागतं, कायदाच आहे. सेल्समन तोच महिना दाखवून म्हणतो, ‘साहेब, गेल्या महिन्याचा माल आहे.’ खरंच असतो. पण मॉडेल जुनं असू शकतं. ३२ इंची ‘टी’ अक्षराचे सेट २०२० नंतरही कित्येक महिने नवे म्हणून बनत आणि विकले जात होते. सेट कोरा, पण आतलं सॉफ्टवेअर जुन्या पिढीचं, आणि ॲप चालेनाशी होतात ती आधी याच सेटांवर.

तरीही वर्षाच्या अक्षरामागे फार धावू नका, कारण पडद्यावर मोठा फरक मालिकेच्या आकड्याने पडतो. २०२४ च्या क्यू६० डीचं पॅनेल ६० हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारं, २०२३ च्या क्यू६० सीचंही ६० चंच. पण ५५ इंचात क्यू७० वर गेलात की पॅनेलच १२० चं होतं. फलंदाजाने चौकार मारल्यावर कॅमेरा चेंडूमागे धावतो तेव्हा हा फरक कळतो. सासूबाईंच्या सिरियलमध्ये कळणार नाही. माहितीपत्रकात ‘मोशन’ या शब्दापुढे लिहिलेले मोठमोठे आकडे सोडून द्या, ‘रिफ्रेश रेट’ या ओळीत किती हर्ट्झ आहेत तेवढंच वाचा.

शेवटची अक्षरं, एकेएलएक्सएल, एयूएलएक्सएल, पीएससी, पीटीझेड, यांत सर्वसामान्य माणसाच्या कामाचं फारसं काही नाही. पण मधला एखादा आकडा वेगळा असेल (७५०० च्या जागी ७५५०) तर बरेचदा तोच सेट दुकानांसाठी एका नावाने आणि ऑनलाइनसाठी दुसऱ्या नावाने काढलेला असतो. ‘हाच नंबर स्वस्त दाखवा, आम्ही तेवढ्यात देतो’ ही पाटी म्हणूनच दुकानदाराला परवडते. अशा वेळी एचडीएमआयची भोकं मोजा, स्पीकरचे वॉट बघा, रिमोट कोणता येतो ते विचारा. फरक असलाच तर बहुधा तिथेच निघतो.

भाऊ अमेरिकेतून सेट आणेल असं तुम्ही खाली लिहिलंय. नको. तिथल्या सेटचा ट्यूनर (अँटेनाचे सिग्नल पकडणारा भाग) वेगळा, बरेचसे फक्त ११०-१२० व्होल्टवर चालणारे, इथे वॉरंटी नाही, आणि सपाट पडद्याचा टीव्ही २०१३ पासून विमानप्रवाशांच्या ड्यूटी-फ्री सवलतीतही बसत नाही.

बिलाचं मात्र नीट ऐका. २०२१ च्या दिवाळीत आम्ही सासऱ्यांसाठी सेट घेतला. दुकान आणि कंपनी दोन्हींची नावं राहू देत. बिलावर लिहिलं होतं ‘५५ इंच स्मार्ट एलईडी, १ नग’. घरी आलेल्या सेटच्या पाठीवर बघितलं तर वर्षाचं अक्षर एकाने मागचं. दुकानदार म्हणाला, ‘एकच आहे हो ते.’ भांडायला हातात काय होतं, तो एक नग! तेव्हापासून मी आधी पूर्ण नंबर बिलावर लिहून घेतो, मग कार्ड काढतो. जोडणारा माणूस आला की भिंतीवर चढवायच्या आधी पाठीवरच्या स्टिकरचा फोटो काढायचा. एकदा चढला की तो नंबर वाचायला आरसा लागतो.

तुमच्या दोन सेटांपुरतं सांगायचं तर नऊ हजार जास्त देऊन सी ऐवजी डी मी घेणार नाही. क्रिकेट बघत असाल तर त्याच दुकानात क्यू७० सी शिल्लक आहे का ते विचारा. जुनं अक्षर असल्याने भावात घासाघीस करायला जागा मिळते. आकडा मिळाला की इथे टाका, पूर्ण नंबरासकट.