सकाळी दोन फोल्डर, रात्री एकच!

प्रश्न: नमस्कार दादा, मी इंदूरला सियागंजात एका किराण्याच्या ठोक दुकानात हिशोब बघते. शेठजींच्या भाच्याने विंडोज एक्सपीच्या जमान्यात एक बॅच फाइल (ओळीने कमांड लिहिलेली फाइल) करून दिली होती, डबल क्लिक केलं की बिलिंगचा डेटा तारीख-वेळेच्या फोल्डरमध्ये नेटवर्कवरच्या झेड ड्राइव्हवर जायचा. रात्री दुकान वाढवताना चालवायचो, आता मी सकाळी आल्याआल्या चालवते. विंडोज ११ चं मशीन आल्यापासून नावातून वर्षच गायब, सकाळी एक जास्तीचा फोल्डर बॅच फाइलच्या शेजारी पडतो, आणि रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर केलं तर झेड ड्राइव्ह सापडत नाही म्हणते. ११ मध्ये बॅच फाइल चालतच नाही का?

उत्तर: चालते हो ताई, चांगली धडधाकट चालते. तुमच्या तीन तक्रारींपैकी विंडोजच्या व्हर्जनचा संबंध फक्त एकीशी आहे.

वर्षाचं आधी. बॅच फाइलला तारीख कंट्रोल पॅनलच्या रीजन सेटिंगप्रमाणे मिळते. जुनं मशीन बहुतेक अमेरिकन सेटिंगवर असणार, तिथे आधी वार, मग महिना, दिवस, वर्ष असं येतं आणि भाच्याने अकराव्या अक्षरापासून चार अक्षरं कापून वर्ष काढलं असणार. नव्यावर भारतीय सेटिंग, १२-०३-२०२४ असं, म्हणजे सगळी मिळून दहाच अक्षरं, मग अकराव्यापासून कापायला उरतं काय!

सकाळच्या जास्तीच्या फोल्डरचं नाव नुसतं ९ असणार, बघा बरं. दहाच्या आधी वेळेत तासापुढे शून्य नसतो, मोकळी जागा असते. फोल्डर बनवणाऱ्या एमडी कमांडला ती दिसली की तिला वाटतं दोन फोल्डर मागितलेत, नावाला अवतरण चिन्हं नसली तर हेच होणार. रात्री नऊला एकवीस होतात म्हणून इतकी वर्षं पोल उघडली नाही. एक्सपीवर सकाळी पोह्यांच्या वेळेला चालवली असती तरी हेच झालं असतं.

झेडचं मात्र खरंच व्हर्जनमुळे. विंडोज व्हिस्टापासून यूएसी (ॲडमिनचे अधिकार वेगळे ठेवणारी सोय) आलं, तेव्हापासून ॲडमिन म्हणून उघडलेल्या खिडकीला तुमच्या साध्या लॉगिनमध्ये जोडलेले नेटवर्क ड्राइव्ह दिसत नाहीत, वर ती सुरू होते बॅच फाइलच्या नाही, विंडोजच्या सिस्टीम३२ फोल्डरमधून. नुसती फाइल कॉपी करायला ॲडमिन लागतं कशाला? साधा डबल क्लिक करा. लागलंच तर झेडऐवजी सर्व्हरच्या नावाचा पूर्ण पत्ता लिहा.

तारखेसाठी अक्षरं कापणं बंद करा आणि विंडोजमधल्याच पॉवरशेलच्या गेट-डेट कमांडकडून आधी वर्ष, मग महिना, दिवस, तास, मिनिट असं मागून घ्या, रीजन भारतीय असो की अमेरिकन, उत्तर तेच येतं. फॉरमॅट लिहिताना महिन्याचे दोन एम कॅपिटल आणि मिनिटांचे लहान, उलटं केलं तर महिन्याच्या जागी मिनिटं येतात आणि वर्षात साठ महिने होतात! तासाचे दोन एचही कॅपिटल, म्हणजे सकाळी ०९ येईल. कोणी डब्ल्यूएमआयसी ही विंडोजची जुनी कमांड सुचवेल, जुन्या स्क्रिप्टमध्ये ते खूप दिसतं, पण विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून ते आपोआप मिळत नाही, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका.