केंद्राची योजना आणि ग्रामपंचायत यांचा नेमका संबंध काय? गावाला खरंच फायदा होतो का?

होतो, पण ग्रामपंचायत जागी असेल तर. पाण्याचंच बघा. जलजीवन मिशन केंद्राने १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर केलं. घरटी नळ, माणशी रोज ५५ लिटर. महाराष्ट्रात खर्च केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात. मात्र गावातल्या योजनेची देखभाल ग्रामपंचायतीकडे आणि तिच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीकडे. समितीत निम्म्या बायका हव्यात. (कागदावर असतात, सभेला किती येतात ते गावावर.)

दुसरा पैसा वित्त आयोगाचा, म्हणजे केंद्राच्या कराचा वाटा राज्यांना आणि पंचायतींना कसा द्यायचा ते सुचवणाऱ्या आयोगाचा. १५व्या आयोगाने २०२१-२२ पासूनच्या पाच वर्षांसाठी अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधून टाकला. उरलेला ४० टक्के ग्रामपंचायतीने आपल्या गरजेप्रमाणे वापरायचा, फक्त पगार आणि आस्थापनेवर नाही. आराखडा ग्रामसभेत ठरवून ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर चढवायचा. निवडून आलेले सदस्य कारभारावर नसतील तर अनुदान अडतं. निवडणुका लांबल्या तेव्हा जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांचं तेच झालं.

आमच्या गावात टाकी उभी राहिली, तोट्या चकाचक बसल्या. पाणीपट्टी कोणी भरेना, पंपाचं वीजबिल थकलं आणि बायका परत हंडे घेऊन विहिरीवर. शेवटी ग्रामसभेत दोन तास भांडण झालं, थकबाकीदारांची यादी मोठ्याने वाचली गेली, महिनाभरात बरीच वसुली झाली. ते काम दिल्लीहून कोणी येऊन करणार नव्हतं.

तुमच्या पंचायतीचा आराखडा ई-ग्रामस्वराजवर कोणालाही बघता येतो. आधी तो उघडा, मग सरपंचांना गाठा.