जुन्या ऑफिस कॉम्प्युटरला ग्राफिक कार्ड: आधी कॅबिनेट उघडा, मग दुकान गाठा

कंपन्यांनी वापरून काढलेले डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क आणि लेनोवो थिंकसेंटर रिफर्बिश्ड बाजारातून घरोघरी पोचले आहेत. साहजिकच ‘याला कोणतं ग्राफिक कार्ड बसेल?’ हा प्रश्न वारंवार येतो. बहुतेक पत्रांत प्रोसेसर आणि रॅम अगदी नीट लिहिलेली असते. कॅबिनेटचं माप आणि एसएमपीएसच्या (वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) लेबलवरचा वॅटचा आकडा मात्र नसतो, आणि निर्णय खरा त्याच दोन गोष्टींवर ठरतो. या वेळी निवडलेल्या पत्रांत हे दोन्ही तपशील आहेत किंवा त्यांचा अंदाज करता येतो.

प्रश्न: माझ्याकडे ऑप्टिप्लेक्स ९०२० आहे, आडवा ठेवता येतो असा बारका. आय-५ ४५७०, ८ जीबी रॅम. दुकानदार म्हणतो, जीटीएक्स १६५० बिनधास्त लावा. जीटीए ५ आणि व्हॅलोरंट खेळायचं आहे. लावू का? (नाशिक)

बिनधास्त नको. तुमचा कॉम्प्युटर ‘स्मॉल फॉर्म फॅक्टर’ आहे, म्हणजे त्यात फक्त लो-प्रोफाइल कार्ड बसतं. साध्या कार्डाची मागची पत्र्याची पट्टी साधारण १२ सेंमी उंच असते, लो-प्रोफाइलची ८ सेंमी. दुकानात सर्रास दिसणारी १६५० उंच पट्टीचीच असतात. ती लावली तर झाकण बंद होणार नाही.

लो-प्रोफाइल १६५० मिळतं, पण ते दोन स्लॉटांची जागा खातं. झाकण काढून बघा: या मॉडेलात सोळा लेनचा (डेटा जाण्याच्या सोळा वाटांचा) मुख्य स्लॉट एसएमपीएसच्या अंगाला आहे, त्यामुळे जाड कार्डाला तिथे जागा उरत नाही. मग लोक ते शेजारच्या दुसऱ्या लांब स्लॉटात बसवतात. तो लांबीला सोळाचा दिसतो, पण आत चारच लेन जोडलेल्या असतात. शिवाय त्या बोर्डावरच्या चिपसेट नावाच्या मदतनीस चिपमधून येतात आणि दुसऱ्या पिढीच्या वेगाच्या असतात, म्हणजे सेकंदाला जेमतेम २ जीबी. मुख्य स्लॉटातून जवळपास १६ जीबी जातात. आणखी एक अडचण म्हणजे चार लेनच्या स्लॉटसाठी पीसीआय एक्सप्रेसची (या स्लॉटांच्या मानकाची) नियमावली २५ वॅटच धरते आणि हे कार्ड ७५ वॅटचं आहे. ‘माझं तर चाललं’ असं सांगणारे भेटतील. चालतं आणि नियमात बसतं यांत फरक आहे, आणि तो उन्हाळ्यात कळतो.

तुम्हाला हवं ते एकाच स्लॉटच्या जाडीचं, लो-प्रोफाइल, वेगळी पॉवर केबल न मागणारं कार्ड. असे दोन पर्याय आहेत. पहिला रेडिऑन आरएक्स ६४००: ४ जीबी, ५३ वॅट, २०२२ चं. सफायरचं पल्स मॉडेल एका स्लॉटात बसतं. हे कार्ड चारच लेन वापरतं. तुमच्या चौथ्या पिढीच्या प्रोसेसरवर तिसऱ्या पिढीच्या चार लेन मिळतात, त्यामुळे त्याची पूर्ण ताकद निघत नाही, पण या गेमना पुरते. गेममधलं टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रं) मात्र ‘हाय’वर नेऊ नका. ४ जीबी भरले की डेटा त्या अरुंद वाटेने ये-जा करतो आणि चित्र अडखळतं. दुसरा पर्याय एनव्हिडियाचं टी-१०००: ५० वॅट, ८९६ कुडा कोअर (चित्राचा हिशेब करणारे छोटे भाग), म्हणजे १६५० इतकेच. हे वर्कस्टेशनचं कार्ड आहे, म्हणून मागे चारही पोर्ट मिनी डिस्प्लेपोर्ट आहेत. एचडीएमआयचा कन्व्हर्टर बजेटमध्ये धरा. वापरलेलं कार्ड घेताना छोटी पट्टी सोबत आहे ना, ते विचारून घ्या. ती हरवलेली असते आणि सुटी शोधायला फार वणवण होते.

कार्ड ठरवण्याआधी रॅम बघा. ८ जीबीची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी डीडीआर ३ पट्टी घाला. व्हॅलोरंटबद्दल एक इशारा: विंडोज ११ वर ते टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (खात्रीचंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) मागतं. चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. या एका गेमसाठीच खर्च करणार असाल तर पैसे नव्या बोर्डासाठी साठवलेले बरे.

प्रश्न: माझा ९०२० उभा टॉवर आहे, २९० वॅटचा. आरएक्स ५८० स्वस्तात मिळतंय. त्याला लागणारी आठ पिनांची वायर एसएमपीएसमध्ये नाही. विकणारा साटा ते आठ पिन कन्व्हर्टर फुकट देतोय. (सोलापूर)

तो कन्व्हर्टर परत करा. साटाच्या पॉवर कनेक्टरात १२ व्होल्टच्या तीन पिना असतात आणि प्रत्येकीची मर्यादा दीड अँपिअर. १२ गुणिले साडेचार म्हणजे ५४ वॅट. ५८० पूर्ण जोरात १८५ वॅटच्या आसपास ओढतं. त्यातले स्लॉटमधून फार तर ७५, उरलेले ११० त्या ५४ च्या कनेक्टरातून. कनेक्टरचं प्लास्टिक वितळून वास सुटतो तो यामुळेच. दोन साटा एकत्र करणारा कन्व्हर्टरही उपयोगाचा नाही, कारण दोन्ही कनेक्टर बहुधा एकाच वायरवर टाचलेले असतात.

एसएमपीएस बदलायचा म्हटलं तर ९०२० च्या बोर्डाला नेहमीचा २४ पिनांचा नव्हे, डेलचा स्वतःचा ८ पिनांचा मुख्य कनेक्टर आहे. २४ ते ८ पिन अशी वायर बाजारात मिळते आणि नीट बनवलेली असेल तर चालते. एचपी एलिटडेस्क ८०० जी-१ ला ६ पिनांची वेगळी वायर लागते. ऑप्टिप्लेक्स ७०१० टॉवरला मात्र साधा २४ पिनांचा कनेक्टर आहे, तिथे हे काम सरळ होतं. पण चांगला एसएमपीएस आणि वायर यांची किंमत मिळवली की ते ‘स्वस्त’ ५८० स्वस्त राहत नाही. वर ते ५८० खरं २३०४ शेडरचं (म्हणजे कोअरचं) आहे की ‘२०४८ एसपी’ नावाचं, हेही तपासावं लागेल. ‘२०४८ एसपी’ म्हणजे नाव बदललेलं ५७० च.

तुमच्या टॉवरला उंच आणि दोन स्लॉट जाड कार्ड बसतं, हीच तुमची खरी कमाई. हिशेब करा: प्रोसेसर ८४ वॅट, कार्ड ७० ते ७५, बोर्ड-रॅम-डिस्क-पंखे मिळून ४० धरा. बेरीज २०० च्या आत. २९० वॅटचा एसएमपीएस हे निवांत झेपवतो. यात दोन कार्डं येतात: सेकंडहँड जीटीएक्स १६५० किंवा नवं आरटीएक्स ३०५०, ६ जीबीवालं. दुसऱ्याला माझं मत. ७० वॅट, २३०४ कोअर आणि दोन जीबी जास्त मेमरी. या पिढीच्या प्रोसेसरवर त्याच्या वरचं कार्ड घेणं म्हणजे पैसे वाया.

इथे नावं नीट वाचा. आरटीएक्स ३०५० नावाचंच ८ जीबीचं कार्ड १३० वॅटचं आहे आणि वेगळी पॉवर वायर मागतं. १६५० च्याही काही मॉडेलांवर सहा पिनांचा सॉकेट असतो. बॉक्सवर विसंबू नका, कार्डाची वरची कड डोळ्यांनी बघा. तिथे सॉकेट नको. लांबीही मोजा: मागच्या पट्टीपासून हार्डडिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत. एका पंख्याचं आखूड मॉडेल घेतलंत तर साटाच्या वायरींशी झटापट होत नाही.

प्रश्न: मुलीच्या अभ्यासासाठी आणि यूट्यूबसाठी जीटी ७३०, ४ जीबी घेऊ की जीटी १०३०, २ जीबी? चार जीबी जास्त चांगलं ना? प्रोसेसर आय-३ ४१३०, रॅम ४ जीबी. (चिपळूण)

यासाठी कार्ड नकोच, रॅम घ्या. आकडा बघा: डीडीआर ३ मेमरीचं ६४ बिटवालं जीटी ७३० स्वतःच्या मेमरीतून सेकंदाला १४.४ जीबी ओढतं. तुमच्या बोर्डावर १६०० च्या दोन सारख्या पट्ट्या लावल्या की प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला २५.६ जीबीचा रस्ता मिळतो. म्हणजे ४ जीबीची दुसरी पट्टी त्या कार्डाहून कामाची, आणि अख्खा कॉम्प्युटर हलका होतो. हार्डडिस्क अजून जुनी फिरती असेल तर उरलेल्या पैशात २४० जीबीची साटा एसएसडी घ्या.

१०३० चे दोन प्रकार आहेत: जीडीडीआर ५ मेमरीचा, सेकंदाला ४८ जीबी ओढणारा, आणि डीडीआर ४ चा, १६.८ जीबी ओढणारा. नाव एकच, पोट वेगळं. दुसऱ्याच्या वाटेला जाऊ नका.

प्रश्न: आरएक्स ६४०० लावलं. पंखा फिरतो, पण डिस्प्ले येत नाही. जुनं कनेक्शन लावलं की सगळं ठीक. कार्ड खराब आहे का? (ठाणे)

बहुधा नाही. आधी केबल बघा. मॉनिटरची वायर बोर्डाच्या पोर्टात राहिली असेल तर ती कार्डाच्या पोर्टात लावा. हसू नका, हे फार होतं.

तिथे ठीक असेल तर संशय बूट पद्धतीवर, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होण्याच्या पद्धतीवर. जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज अनेकदा ‘लेगसी’ या जुन्या पद्धतीने टाकलेलं असतं आणि बऱ्याच नव्या कार्डांना यूईएफआय ही नवी पद्धत लागते. कार्ड काढा, कॉम्प्युटर चालू करा, सर्चमध्ये ‘सिस्टिम इन्फॉर्मेशन’ उघडा आणि ‘बायोस मोड’ची ओळ वाचा. लेगसी दिसलं तर क्रम असा: महत्त्वाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) चालू असेल तर थांबवा. डिस्कची मांडणी यूईएफआयला चालेल अशी करणारं, विंडोजमध्येच असलेलं एमबीआर-टू-जीपीटी हे साधन आधी तपासणीच्या पर्यायाने चालवा. त्यात चूक दिसली नाही तरच बदलाच्या पर्यायाने. मुख्य पार्टिशन तीनपेक्षा जास्त असतील तर ते अडून बसतं. मग रीस्टार्ट करून बायोसमध्ये (विंडोजआधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) बूट पद्धत यूईएफआय करा. जुन्या कनेक्शनवर विंडोज सुरू होतंय याची खात्री झाली की वायर काढून, पॉवर बटण दहा सेकंद दाबून मगच कार्ड बसवा. क्रम उलटा केलात तर विंडोजही जाईल आणि डिस्प्लेही. बायोसची शेवटची आवृत्तीही याच टप्प्यात, कार्ड बसवण्याआधी टाकून घ्या.

प्रश्न: ऑनलाइन जीटीएक्स १०५० टीआय निम्म्या भावात दिसतंय, मागे व्हीजीए पोर्टही आहे. जुना मॉनिटर तसाच वापरता येईल म्हणून घ्यावंसं वाटतं. (कोल्हापूर)

त्या व्हीजीए पोर्टामुळेच घेऊ नका. जीटीएक्स १० मालिकेच्या चिपमधून अॅनालॉग सिग्नल निघतच नाही. मागे व्हीजीए असेल तर आत बहुधा जीटीएक्स ५५० टीआय किंवा जीटीएस ४५० सारखी जुनी चिप बसवून, बायोस बदलून नवं नाव चिकटवलेलं असतं. खऱ्या १०५० टीआयमध्ये ७६८ शेडर, १२८ बिट मेमरी आणि जीपी १०७ ही चिप असते. जीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर हे तिन्ही दाखवतं आणि अशी बनावट कार्डं ओळखून नावाआधी ‘फेक’ही लिहितं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा कुठेही हातात घेऊन घेत असाल तर दुकानातच हे आणि पंधरा मिनिटांचा ग्राफिक टेस्ट चालवा. स्क्रीनवर ठिपके, पट्टे आले तर कार्ड खाली ठेवा.

खरं मिळालं तरी विचार करा. पास्कल पिढीला, म्हणजे या जीटीएक्स १० मालिकेला, गेमसाठीचे नवे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाले. फक्त सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत येतील. जुन्या गेमला चालेल, पण किंमत त्या हिशेबाने पाडा. जुन्या मॉनिटरसाठी एचडीएमआय ते व्हीजीए असा, आत चिप असलेला कन्व्हर्टर घ्या.

प्रश्न: लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. आरएक्स ६४०० चालेल? (मडगाव)

नाही. त्यात व्हिडिओ एन्कोडरच नाही, रेंडरचा भार सगळा प्रोसेसरवर पडेल. एव्ही १ या व्हिडिओ प्रकाराचं डीकोडही नाही. कमी वॅटमध्ये आरटीएक्स ३०५० ६ जीबी घ्या, आणि रॅम आधी १६ जीबी करा. इंटेलचं आर्क ए-३८० एन्कोडला उत्तम आहे, पण ते रीसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी बोर्डाची सोय) मागतं. चौथ्या पिढीच्या बोर्डात तो नसतो.

प्रश्न: कार्ड लावल्यापासून लाईट गेली की ६०० व्हीएचा यूपीएस टूं करून लगेच बंद पडतो. (जालना)

६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅट. कॉम्प्युटर आणि मॉनिटर मिळून गेम चालू असताना सव्वादोनशेच्या आसपास जात असतील, म्हणजे यूपीएस लहान नाही, बॅटरी थकली आहे. आतली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते. आधी भार कमी होता म्हणून कळत नव्हतं. बॅटरी बदला. नवी असली तरी गेम खेळत बसायला नाही, सेव्ह करून बंद करण्याइतकीच मिनिटं मिळतील. प्रिंटर त्या यूपीएसवर असेल तर आजच काढा.